कोटाला तीन भोकं होती

तिला सगळे सुई म्हणत. अंगाने काडी, जिभेने टोकदार, आणि एकदा एखाद्या गोष्टीत शिरली की आरपार गेल्याशिवाय थांबायची नाही. हे नाव आत्याने ठेवलं होतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं, आणि तिथेही ते पुकारलं की सुई दुसऱ्या हाकेला ओ देई.

बाजारामागच्या गल्लीत, चाव्या करणारा आणि चष्मेवाला यांच्या मधे, त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते कौतुकाने. समोर एक फळी, फळीमागे बाबा, बाबांमागे भिंत, आणि कडेच्या दारातून आत गेलं की घर. भिंतीला एक खिडकी होती म्हणून बरं, नाहीतर बाबांना सुईत दोरा ओवायला रस्त्यावर यावं लागलं असतं. फळीवर आई गिऱ्हाइकांशी बोले आणि बाबा मागे बसून रफू करत. बोलणं आणि काम यांची वाटणी लग्नानंतर लगेच झाली होती आणि दोघंही आपापल्या वाट्यावर खूश होते.

लोक काय काय घेऊन येत! इस्त्रीने जळलेली पँट, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, सिगारेटच्या ठिणगीने भोक पडलेलं जाकीट. शेवटचं जाकीट आणणारा माणूस नेहमी सांगे की ठिणगी दुसऱ्याच्या सिगारेटची होती. आई मान डोलावून "हो, दुसऱ्याचीच असते," म्हणे. मग बाबा कपड्याची आतली शिवण उसवत, शिंप्याने तिथे सोडलेल्या जादा कापडातून, म्हणजे मायेतून, एकेक धागा ओढून काढत आणि त्याच धाग्यांनी भोकावर उभं-आडवं विणत जात. धागा त्याच कपड्याचा, वीण त्याच कपड्याची. संध्याकाळपर्यंत भोक असं नाहीसं होई की गिऱ्हाईक भलताच कपडा दिला म्हणून भांडायला उठे.

या घराची एक रीत होती. काम झालं की ते आधी आत्यापुढे जाई. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबांना सुई धरायला तिनेच शिकवलं होतं. पुढे तिच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. पण बोटं शाबूत होती. कपडा मांडीवर घेऊन ती त्यावरून बोटं फिरवी, सावकाश, जणू कुणाची तरी पाठ थोपटते आहे. बोट अडखळलं की कपडा परत. "हे घे. उसव." त्यावर अपील नाही. बाबांचे केस पांढरे झाले तरी ती त्यांना उसवायला लावी आणि तेही गुमान उसवत.

रफू शोधताना फक्त एक गोष्ट बाद होती. कपडा उजेडासमोर धरायचा नाही. "कोट अंगात घालतात," बाबा म्हणत, "खिडकीला टांगत नाहीत." उजेडासमोर काहीही पकडता येतं, त्यात काय शहाणपण, असा त्यांचा हिशेब होता.

सुई चालायला लागल्यापासून आत्याच्या मांडीला टेकून हा शोधाचा खेळ खेळली. दुधाचे दात पडायच्या आत बाबांच्या चुका धरायला लागली. बाबा वरवर चिडत आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटत. मग ती स्वतः विणायला बसली. वर्षानुवर्षं आत्या म्हणत राहिली, "उसव." आणि एका दुपारी आत्याने कपडा दोनदा उलटला, पुन्हा चाचपला, आणि भुवया वर करून विचारलं, "अगं, यात केलंयस का तू काही?"

घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. सुई त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही.

अभ्यासाचं मात्र यथातथाच होतं. तिची गुणपत्रिका पाहून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. दुःखाचं नाही आणि आनंदाचंही नाही. पण डोक्यात एक वेड होतं. शाळेच्या सहलीत एका संग्रहालयात काचेमागे जुना झगा ठेवला होता. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेला. त्याच्या खांद्यावर नंतर कुणीतरी ढोबळ ठिगळ ठोकलं होतं, इतकं घट्ट की भोवतीचं रेशीम ताणून फाटत चाललं होतं. सगळा वर्ग पुढे गेला. सुई नाक काचेला लावून उभी. पहारेकऱ्याने हाकललं तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "अहो, हे ठिगळ काढा ना. ते झग्याला खातंय." पहारेकऱ्याने तिला हाताला धरून वर्गाकडे नेऊन सोडलं.

अशी जुनी वस्त्रं सांभाळायला शिकवणारं एक कॉलेज आहे, हे तिला पुढे चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. बाईंनीच तिचा अर्ज भरायला घेतला आणि गुणांच्या रकान्याशी येऊन थांबल्या.

"स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. नुसत्या मार्कांवर तुझं नाव लागायचं नाही. पण हे शेवटचं वाच."

शेवटी लिहिलं होतं: स्वतःच्या कामाचा नमुना किंवा त्याची छायाचित्रं. ऐच्छिक.

सुईने घरी येऊन ते वाचून दाखवलं. बाबांनी मान वर न करता विचारलं, "ऐच्छिक ना? मग आपली इच्छा नाही."

"अहो, असं कसं?" आई म्हणाली. "लोकांकडे जाताना 'काही आणू नका हं' म्हणतात, म्हणून आपण हात हलवत जातो का?"

"काम दाखवत फिरायचं नसतं. आपलं काम दिसलं तर ते बिघडलेलं असतं. पोरीने अर्ज भरलाय, मार्क लिहिलेत, घ्यायचं तर घेतील."

"मार्कांवर घेणार नाहीत, बाबा," सुई म्हणाली. "बाईंनी सांगितलंय. हा नमुना धड गेला तरच आशा. नाहीतर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिगारेटी बुजवत बसणार."

हे शेवटचं वाक्य बाबांना लागलं. ते स्वतः आयुष्यभर तेच करत आले होते. सुईला बोलता क्षणीच जीभ चावावीशी वाटली, पण तोंडातून गेलेला शब्द आतल्या शिवणीत घालून लपवता येत नाही. थोड्या वेळाने बाबांनी मागे टांगलेलं करडं जाकीट काढून तिच्यापुढे टाकलं. सुईने त्याच आठवड्यात रफू केलेलं, आत्याने दोनदा तपासून पास केलेलं. "याचेच फोटो पाठव," ते म्हणाले. "तुझं यापेक्षा चांगलं काम नाही."

मग सगळं घर कामाला लागलं. जाकीट खिडकीजवळ पसरलं. आईने सुरकुत्या काढल्या. सुईने फोनवर फोटो काढले. लांबून, जवळून, तिरपे. फोन हातोहात फिरला. आई म्हणाली, "वा!" बाबांनी चष्मा वर ढकलून पाहिलं, फोटो मोठा करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "काही म्हणजे काही दिसत नाही," ते म्हणाले. आत्याला फोटो दिसत नव्हता, तरी तिने फोन हातात घेतला आणि समाधानाने परत दिला. चौघंही इतके भारावून गेले होते की त्या फोटोत नेमकं काय आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटो पाहिले. पुढचा पाहिला. त्याच्या पुढचा पाहिला. "छान आलेत," त्या म्हणाल्या. "कापड चांगलं आहे. काम कुठंय?"

"दिसत नाही ना!" सुई अभिमानाने म्हणाली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

घरी परतताना तिला आधी हसू आलं आणि मग रडू. घरातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे धड कापडाचा फोटो! कॉलेजवाले म्हणाले असते, या पोरीने दुकानातल्या कोऱ्या जाकिटाचा फोटो पाठवलाय, केवढ्याला ते विचारा. वाईट केलेलं काम पाठवावं तर ते दिसेल, पण ते पाठवायचं कोणत्या तोंडाने? काहीच पाठवू नये, तर बाबांचंच खरं. मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता.

चावीवाल्याच्या दुकानापाशी ती थांबली. त्याने फळीवर एक कुलूप अर्धं उघडून ठेवलं होतं, आतले खटके दिसत होते. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबून त्यात डोकावत होतं. बंद कुलपं भिंतीवर शेकड्याने लटकत होती, त्यांच्याकडे ढुंकूनही कुणी बघत नव्हतं.

सुई घरात शिरली ती बोलतच. "मी अर्धं काम पाठवणार. एक भोक उघडं, एक अर्धं भरलेलं, एक पूर्ण. फोटो नाही, कापडच पाठवणार."

बाबांच्या हातातली सुई थांबली. "अर्धं?"

"अर्धं."

"या दुकानातून आजवर अर्धं काम बाहेर गेलेलं नाही. आणि उघडं भोक? लोक काय म्हणतील, रफूवाल्याच्या पोरीने भोक पाठवलं? आणि पाडणार कशात? धडक्या कापडाला कात्री लावणार? भोकं पाडायला जगाला आपली गरज नाही, ते काम जग स्वतः करतं!"

बाबा इतकं सलग कधी बोलत नसत. आई आत गेली आणि भांडी जरा जोराने लावू लागली. सुईही हट्टाला पेटली. दोन दिवस बापलेकीत अबोला होता, आणि तेवढ्या जागेत अबोला धरायचा म्हणजे कसरतच. कात्री हवी असली तरी आत्यामार्फत मागायची.

तिसऱ्या दिवशी आत्याच वैतागली. कात्री सुईकडे देता देता तिने ती मधेच धरून ठेवली.

"अरे," ती बाबांना म्हणाली, "तुला मी हे काम शिकवलं, ते आठवतं का?"

"आठवतं की, ताई."

"माझ्या मांडीशी बसून काय बघायचास? बुजलेलं भोक? त्यात काय दिसणार होतं तुला, माझं डोंबल? उघडं बघितलंस, अर्धं बघितलंस, म्हणून शिकलास. मी लाजून कापड झाकलं असतं, तर आज तू चष्मेवाल्याकडे झाडू मारत असतास." मग आवाज उतरवून म्हणाली, "पोर काम बिघडवत नाहीये रे. ती दार उघडं ठेवतेय."

बाबांनी हातातलं काम संपवलं, उठले, आत गेले. बराच वेळ कपाटाचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात त्यांचा लग्नातला कोट होता. गडद निळा, लोकरीचा. सुईने तो फक्त फोटोत पाहिला होता. त्यात बाबा इतके बारीक दिसत की कोटच उभा आहे असं वाटे. कोटाला कसर लागली होती. पाठीवर, बाहीवर आणि छातीशी, अशी तीन भोकं.

"सवड झाली की करीन म्हणत राहिलो," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून सवडच झाली नाही. पाडायला नकोत, आयतीच आहेत. घे."

सुईने कोट घेतला आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सिगारेटींच्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती, ती तशीच मागून झाली.

पाठीवरचं भोक तिने पूर्ण भरलं. कोटाच्या आतल्या मायेतून धागे काढले, बाबांनी सांगितलेलं काही ऐकलं, काही ऐकलं नाही. आत्याने कोट मांडीवर घेतला आणि बोटं फिरवत राहिली. पुन्हा फिरवली. "कॉलेजवाल्यांची दया येते मला," ती शेवटी म्हणाली. बाहीवरचं भोक सुईने अर्ध्यावर सोडलं, उभे धागे ताणलेले, आडवे निम्म्यापर्यंत, उरलेला धागा मोकळा. छातीवरच्या भोकाला हात लावला नाही.

पाठवायच्या सकाळी ती उठली, तर बाबा खिडकीशी. मांडीवर कोट, हातात ओवलेली सुई.

"बाबा!"

बाबा दचकले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "अगं, बाहीचं तेवढं बघवत नाही गं. पटकन भरून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

"कळायलाच हवंय, बाबा!"

बाबांनी नाइलाजाने सुई टाचण्यांच्या उशीला टोचली. पण कोटाची घडी त्यांनीच घातली, भोकं चुरगळू नयेत अशी, आणि सुईने वर चिठ्ठी ठेवली: 'बाबांच्या या कोटाला कसरीने तीन भोकं पाडली. एक जसंच्या तसं आहे. एक अर्धं भरलंय. तिसरं पूर्ण भरलंय.'

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. चष्मेवाल्याला तर दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने पुरेसं तोंड वासलं नव्हतं.

कॉलेजातल्या त्या खोलीत लांबलचक टेबल होतं, मोठी खिडकी होती आणि टेबलापलीकडे तीन परीक्षक. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, एका बाजूला दाढीवाले सर, दुसऱ्या बाजूला एक तरुण मॅडम. बाबा बाहेर बाकावर बसले होते, पाहुण्याच्या घरी बसतात तसे, काठावर. टेबलावर कोट पसरलेला होता आणि त्याच्या पाठीवर टाचण्याच टाचण्या.

"तिसरं भोक शोधत होतो," दाढीवाले सर म्हणाले. "माझ्या लाल टाचण्या, या मॅडमच्या पांढऱ्या. चहाची पैज लागलीय. कोण जवळ आहे ते सांग."

सुईला हसू फुटलं. तिने टाचण्या काढल्या, डोळे मिटले आणि आत्यासारखी बोटं फिरवली. काही लागलं नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. मधोमध होतं, जरा डावीकडे, तिला पक्कं आठवत होतं. पण बोटाखालून नुसती लोकर जात होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्वतःचंच काम स्वतःला सापडत नाही म्हटल्यावर हे काय समजतील? भोक मुळात नव्हतंच, पोरीने थाप मारली. आत्यालाही सापडलं नव्हतं हे आठवून कालपर्यंत छाती फुगत होती, आणि आता तेच गळ्याशी आलं होतं.

एकच वाट होती आणि ती घरात बाद होती. बाबा दाराबाहेर बसले होते. सुईने श्वास घेतला.

"पाठीचं अस्तर उसवलं तर चालेल? आणि खिडकीपाशी जायचंय."

तरुण मॅडमनी कात्री दिली. सुईने अस्तर मोकळं केलं आणि लोकर उजेडासमोर धरली. डाव्या अंगाला, जिथे नवे धागे जुन्यांच्या खांद्यावर चढले होते, तिथे एक गडद चौकोन उमटला. नखाएवढा. "हे," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच आवाज तिला चिरकल्यासारखा वाटला.

"बरोबर," मधल्या बाई म्हणाल्या. "आम्ही काल दिव्याच्या टेबलावर पाहिलंय."

"म्हणजे टाचण्या?"

"त्या परवाच्या. तू तुझं काम कसं उघड करतेस ते पाहायचं होतं." बाई पुढे झुकल्या. "एक ऐक. इथे दुरुस्ती लपवत नाहीत. आपण कुठे हात लावला ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, असं काम करतात. तू घरी याच्या अगदी उलटं शिकलीस. ते बाजूला ठेवता येईल?"

सुईने बाहीकडे पाहिलं, मोकळ्या धाग्याकडे, छातीवरच्या भोकाकडे.

"मॅडम, हे भोक उघडं पाठवायला आमच्या घरात काय रामायण झालंय, तुम्हाला कल्पना नाही. अबोला झाला. पाठवायच्या सकाळी बाबांना सुईसकट पकडलं मी. ते निभावलं, तर हेही निभावेन."

दाढीवाले सर खो खो हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी कोटावरून हात फिरवला. "नमुने ढिगाने आले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी पूर्ण झालेलं, चकचकीत काम पाठवलं. उघडं भोक फक्त तू पाठवलंस. बाहेर तुझे वडील आहेत ना? आत बोलव. कोटाच्या मालकाला आम्हालाच सांगू दे."

बाबा आत आले आणि त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग उसवलेल्या अस्तराकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. सुईने मान खाली घातली. मग बाईंनी सांगितलं की पोरीला घेतलंय, आणि चारचौघांत कधी आवाज न चढवणाऱ्या बाबांनी अशी टाळी वाजवली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

कोट आता दुकानात टांगलेला असतो, फळीच्या बरोबर वर, छातीचा भाग रस्त्याकडे करून. सुई सुट्टीत आली की दरवेळी म्हणते, "बाबा, द्या, दोन तासांचं काम आहे." बाबा हातही लावू देत नाहीत. नवीन गिऱ्हाईक हटकून विचारतं, "काय हो, रफूवाल्याच्याच कोटाला भोक?"

अशा वेळी आई बोलत नाही. तेवढं एक उत्तर तिने बाबांच्या वाट्याला दिलं आहे. बाबा काम खाली ठेवतात, चष्मा वर ढकलतात आणि मागच्या भिंतीपासून फळीपर्यंत चालत येतात.

"आहे ना भोक," ते म्हणतात. "आमची मुलगी यातूनच कॉलेजात गेली."